जळकोटचा खबऱ्या

जळकोटचा गुरुलिंग बाईच्या नादी लागलाय, असं सगळं गाव म्हणायचं. विहिरींना सुरुंग लावणारा हा माणूस, मुलगी गेल्यापासून कामधंदा सोडून उमरग्याच्या ढाब्यांवर पडून असायचा आणि वेगळ्याच मोबाइलवर कुजबुजायचा. गावाला दुसरं काय सुचणार? बायको जगदेवीही तेच समजली. त्यानं समजू दिलं.

खरं म्हणजे तो पोलिसांचा खबऱ्या झाला होता. हैदराबादच्या एका बसथांब्यावर बॉम्ब फुटला, त्यात त्याची अक्षदा गेली. नर्सिंग शिकत होती. बॉम्बातल्या जिलेटिनच्या कांड्या याच भागातून गेल्या, असं दहशतवादविरोधी पथकाच्या साहेबानं सांगितलं, तेव्हा गुरुलिंगनं हे काम स्वतःहून मागून घेतलं. मला काही नको, फक्त कांड्या पुरवणारा माणूस पाहिजे, म्हणाला. मग ट्रक ड्रायव्हरांत बसून, आपणही चोरून कांड्या विकतो असं सोंग घेऊन त्यानं माग काढला. माग आला तो थेट शेजारच्या दारात. बसवेशच्या. सुरुंगाच्या कामातला त्याचा जोडीदार, अक्षदाला पुरायचा खड्डा खणताना ढसाढसा रडलेला.

तो रडला ते नाटकच, असं गुरुलिंगनं ठरवलं आणि खबर दिली. पथक आलं. बसवेश तुरीतून पळाला आणि गोळी लागून तिथंच पडला.

नंतर साहेबाचा फोन आला. बसवेशनं उरलेल्या कांड्या विहिरीसाठी म्हणून विकल्या होत्या, गिऱ्हाईक कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं. घरात बिनपरवान्याचा माल, म्हणून घाबरून पळाला असावा. बॉम्बवाले अजून मोकळेच होते. खबर मात्र पक्की निघाली, असंही साहेब म्हणाला. काय चाटायचंय त्या पक्क्या खबरीला?

अतिरेक्याचं घर म्हणून बसवेशच्या दारात कुणी फिरकेना. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा असतो. तोही कुणी नेईना. शेवटी जगदेवीनं पिठलं-भाकरी बांधली आणि नवऱ्याला ओढतच नेलं.

"आपल्या पोरीच्या वक्ताला ह्यांच्याच घरनं भाकरी आली व्हती," म्हणाली.

बसवेशची बायको श्रीदेवी तोंड उघडेना. जगदेवीनं तुकडा मोडून गुरुलिंगच्या हातात दिला. त्यानं तो पुढं केला, तेव्हा श्रीदेवी बोलली.

"भाऊजी, गावातनं तुमीच तेवढे आलाव. ह्यांची खबर कुनी दिली, ते हुडकून काढा. मला त्याचं तोंड बघायचंय."

"बघतो," गुरुलिंग म्हणाला, आणि त्यानं घास तिच्या तोंडात घातला.