उमरग्यावरून जाणारं विमान

नवरा गेल्यावर उमरग्याच्या गंगम्मानं दुसऱ्यांच्या शेंगा फोडून सिद्धलिंगला वाढवलं. एकुलता एक लेक. लढाईच्या दिवसांत तो पोटामागं मुंबईला गेला, तो गेलाच.

बब्रुवान गाडीवाला सोलापूरच्या पेठेतून माल आणायचा. लढाई संपल्यावर एकदा त्यानं निरोप आणला.

"अक्का, सिद्धलिंग विमानात सामान चढवतो म्हणं. हैदराबादच्या विमानात. ते आपल्या गावावरूनच जातंय."

"मंग हितं थांबत न्हाय व्हय?"

बब्रुवान हसला. "मुंबई ते हैदराबाद चारशे मैल, मधी थांबायचं नावच न्हाय. तीन तासांत पार! आपली बैलं तेवढ्यात जवळचं येणेगूरबी गाठत न्हाईत."

तेव्हापासून वर घरघर ऐकू आली की गंगम्मा हातातलं काम टाकून अंगणात येई. लेकाचा हात लागलेलं विमान डोक्यावरून जाई, लेक मात्र येत नसे. आधी त्याला रजा मिळेना. मग रजा मिळायची वेळ आली, तर निजामाच्या रझाकारांच्या धास्तीनं तिनंच निरोप धाडला, 'इतक्यात येऊ नको.'

अठ्ठेचाळीस साली विमानं बंद पडली. शेजारचं एक खेडं जळालं, तसं बब्रुवाननं आपल्या बायकापोरांबरोबर गंगम्मालाही गाडीत घातलं आणि निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापूरच्या निर्वासितांच्या छावणीत नेलं. भादव्यात बातमी आली, निजामानं हार खाल्ली. माणसं गावाकडं निघाली. गंगम्मा मात्र गाडीत चढेना.

"अक्का, घर तिकडं हाय की!"

"घर कुठं पळून जातंय? म्या मुंबईला चालले."

जन्मात पहिल्यांदा ती आगगाडीत बसली. मुंबईत दिसेल त्याला विचारत विमानाच्या मैदानाशी पोचली. तारेच्या कुंपणापलीकडून एक मिशीवाला, वाळलेला गडी पळत आला.

"अव्वा! एकलीच आलीस?"

मिशीमुळं ओळख पटायला तिला एक क्षण लागला. मग तिनं तारेतूनच त्याचं तोंड चाचपलं.

तेवढ्यात मागं एक विमान उठलं. "हैदराबादचं," तो म्हणाला. "पुन्हा चालू झालंय."

"तू बघतोस का रं, ते जाताना?"

"व्हय की. रोजच बघतो, दिसंनासं होईस्तोवर."

आठवडाभर ती त्याच्या खोलीवर राहिली, भाकऱ्या थापून घातल्या. "चल गावाकडं," ती म्हणाली.

"तिकडं काम कुठलं, अव्वा?"

परतीच्या दिवशी त्यानं तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं, गठुडं बाकाखाली सारलं आणि शेजारी टेकला. शिट्टी झाली, गाडी हलली, तरी तो उठेना.

"उतर की रं! कामावर जायचंय न्हवं?"

"उतरतो पुढं."

दादर आलं नि गेलं. मायलेकरं खेटून बसली होती. कल्याणला मात्र त्याला उतरावंच लागलं.

गाडी घाट चढून जाईपर्यंत गंगम्मानं त्याच्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही.