तू सावली आहेस का?

धम्मशीलाच्या कामाला महिन्याचा पक्का पगार नाही, ही काळजी काही केल्या जात नाही. माझी ही मुलगी परभणीत खोली करून राहते आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या संगणकांसाठी प्रोग्राम लिहिते. ओळखीच्या दत्तराव सरांनी त्यांच्या कॉलेजात क्लार्कची जागा सांगितली, तेव्हा मी तिच्या वतीनं ‘येईल की’ म्हणून मोकळी झाले. उद्या सकाळी ते तिचं नाव पुढे पाठवणार. तिला याचा पत्ताही नाही.

परवा ती गावी, बोरीला घरी आली आणि आल्या आल्या लॅपटॉप उघडून बसली. एका जिनिंगच्या वजनकाट्यावरची स्क्रीन तिनं केली आहे. काट्यावर गाडी हलत असेल तोवर आकड्याची चौकट धूसर दिसते. वजन ठरलं की चौकटीखाली सावली उमटते. तेवढ्यात काट्यावरच्या भुजंगचा फोन आला.

"म्याडम, गाडी चढली की तुमचा प्रोग्राम बंद पडायलाय! डायवर लोकं हसायलेत."

"थांबा दादा, बघायले."

चूक सापडल्यावर तिनं मला समजावलं. चौकटीवर कुठलाही इफेक्ट दिसला की तो सावलीच, असं प्रोग्राम धरून चालला होता. म्हणून तो सरसकट ‘जरा लांब पड’ असा हुकूम सोडायचा. धूसरपणा लांब कसा पडणार? गोंधळ होऊन सगळंच बंद. आता तिनं आधी विचारायची ओळ घातली: तू सावली आहेस का? असशील तर लांब पड, नसशील तर तुला हा हुकूम नाही.

माझ्या सासूबाई, मालनबाई, कांदा चिरत ऐकत होत्या.

"आगं, आमाला जलमभर लोकायनं इचारलं, कोणाचे तुमी. आता तू मशीनीला बी जात इचारायलीस?"

"जात न्हाई गं आज्जी. तुला काय जमतं, तेवढंच इचारते."

"मंग बरं हाय. मला कोणी इचारलं न्हाई, भाकरी जमती का म्हणून. तुझ्या आज्यानं सा महिने करपलेली खाल्ली!"

आम्ही हसत असतानाच भुजंगचा पुन्हा फोन आला. "लय ब्येस चालायलंय, म्याडम!" धम्मशीलानं उडी मारून आजीला कांद्यासकट मिठी मारली. बँकेच्या पूर्वपरीक्षेत पास झाली तेव्हाही तिचा चेहरा असा फुलला नव्हता.

काल ती परभणीला परत गेली. पगाराची काळजी उद्याही राहील. पण दत्तराव सर नाव पाठवतील, त्याआधी तिला विचारायला हवं. रात्रीचे बारा वाजून गेलेत, तरी ती जागीच असणार. लावतेच फोन.