आईला घेऊन मेडशी, किन्हीराजा आणि काठोकाठ भरलेलं इंजिन

यंदा थंडीत कुठं जाणार, असं मैत्रिणींनी विचारलं. मी म्हटलं, मेडशीला. दोघी तर खो-खो हसल्या. मेडशी काय फिरायला जायची जागा आहे का गं? असो की नसो, मला तेच हवं होतं. अकोल्याहून सकाळी निघालं की दुसऱ्या चहाला पोचतो, रस्ता चांगला आहे आणि ते आईचं माहेर आहे.

बाबा गेले त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून आई माझ्याकडे राहते. वर्षभरात ती फाटकाबाहेर पडली ती फक्त दवाखान्यासाठी. लग्न असो, बारसं असो, ‘नको वं, तुमी जा’ हे उत्तर ठरलेलं. या वेळी मामानं फोनवर असा काही हट्ट धरला की ती कशीबशी तयार झाली. पण मला बजावून ठेवलं, “एक डाव येतो. वाटेत काही तरास झाला तं मंग पुन्हा मले चाल म्हणू नको.” तिला मी पुरती ओळखते. ती बोलली की बोलली. म्हणून मी देवाला हात जोडले, बाप्पा, एवढे दोन दिवस नीट जाऊ दे.

पातूर सोडलं की घाट लागतो. सागाची पानं वाळून तांबूस झाली होती आणि उन्हाचे तुकडे रस्त्यावर हलत होते. मी मुद्दाम हळू चालवत होते. काच खाली केली तर गार वारा आणि वाळल्या पानांचा वास आत आला. आई मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती. मधूनमधून आरशात तिच्याकडे बघायचे, तर ती बाहेर बघत असायची. काय बघत होती कुणास ठाऊक. घाट संपेपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही, आणि मला ते फार आवडलं.

मेडशीला मामाच्या अंगणात गाडी लावली. अंगण उताराचं आहे, तेव्हा हँडब्रेक नीट ओढा. आम्ही पाय धुऊन ओसरीवर टेकतो न टेकतो, तोवर मामानं गाडीचं बॉनेट उघडलेलंसुद्धा. मामाची ही रीतच आहे. त्याच्या दारातून माणूस उपाशी जात नाही आणि गाडीही तशीच जाऊ नये असं त्याला वाटतं. आम्ही येणार म्हणून त्यानं माझ्या गाडीचं नाव सांगून ऑइलचा डबाही आणून ठेवला होता.

“पोरी, ऑइल कमी हाय तुह्या गाडीत,” ऑइल मोजायची काडी वर धरून मामा म्हणाला. “एवढ्या दुरून येऊन राह्यली, पाहून निघत जाय न वं!” आणि डबा ओतला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाबांनंतर माझ्या गाडीची अशी काळजी कोणी केली नव्हती.

जेवायला सोल्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा आणि वर पुरणपोळी. ताटावर हात आडवा धरला तर मामी बोटांच्या फटीतून तूप सोडते. तुरीचे ओले सोले खायचे असतील तर याच दिवसांत या बाजूला या. दुपारी आई आणि मामा ओसरीत शेंगा सोलत बसले. मी तिथंच सतरंजीवर पडले आणि त्यांचं हळू बोलणं ऐकता ऐकता मला झोप लागली. उठले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि ती दोघं तशीच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी जवळच्या मालेगाववरून किन्हीराजाला मावशीकडे गेलो. मावशीच्या यजमानांना आम्ही काकाजी म्हणतो. मेव्हण्यानं काय पाहुणचार केला याची बातमी त्यांना फोनवरून आधीच मिळाली होती. मी गाडी बंद करून उतरले आणि काकाजींनी तापल्या इंजिनातून काडी ओढली.

“कमीच हाय,” ते म्हणाले.

“काकाजी, अहो कालच मामानं टाकलं.”

“त्यानं टाकलं तं मी नाई टाकू काय? माह्या दारातून पोरगी तशीच जाईन काय?”

नाही म्हणायला जीव धजेना. मावशी आत पोळ्या लाटत होती, काकाजी बाहेर ओतत होते, आणि मी मुकाट्यानं दोन्ही बघत उभी राहिले.

पुढं शेलूबाजारला जायचं ठरलं होतं. लहानपणी आई आजोबांसोबत बैलगाडीनं त्या बाजारात जायची. रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना तूर आणि हिरवागार हरभरा. तुरीच्या काही झाडांवर अजून पिवळी फुलं होती. अशा रस्त्यावर गाडी चालवताना मला वाटतं, कुठं पोचलोच नाही तरी चालेल. थोडं पुढं गेल्यावर करपल्यासारखा वास आला. गाडी जड ओढायला लागली. आरशात पाहिलं तर मागं निळसर धूर, तुरीवरून अलगद तरंगत चाललेला. तो सुंदर दिसत होता, हे कबूल करायला आता हरकत नाही. तेव्हा मात्र मी आधी पाय ब्रेकवर ठेवला.

गाडी सपाट जागा बघून कडेला घेतली आणि लगेच बंद केली.

“झालं,” आई म्हणाली. एवढंच.

इंजिन गेलं असतं तर चाललं असतं हो, पण तो एक शब्द मला सोसवेना. आता ही पुन्हा घरात बसणार, आणि कोणी कितीही बोलावलं तरी उठणार नाही.

शेलूबाजारकडे निघालेल्या एका जीपवाल्यानं थांबून विचारपूस केली. “मिस्त्री पाठवतो जी, बसा निवांत,” म्हणून तो गेला. मग बसण्याशिवाय काही कामच उरलं नाही. आई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पदर सावरून बसली. मी इंजिन गार होण्याची वाट बघत तिच्या शेजारी टेकले. वाऱ्यानं तुरीच्या वाळल्या शेंगा खुळखुळत होत्या. बराच वेळ गेला असेल. अचानक हरभऱ्यातून हरणांचा कळप निघाला. मान वर करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि टुणटुण उड्या मारत तुरीत शिरली.

“तुह्या बाबाले हरणं दिसले का मोटरसायकल थांबवत,” आई म्हणाली. “किती उशीर होऊ दे. मी चिडो, तं म्हणत, पाह्य न, उद्या दिसतीन का नाई काय माईत.”

वर्षभरात बाबांचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. ती बोलत राहिली. बाबांची मोटरसायकल, याच रस्त्यावर लागलेला पाऊस, शेलूबाजारात घेतलेल्या बांगड्या.

बऱ्याच वेळानं मी काडी काढली, रुमालानं पुसली, पुन्हा आत घातली आणि परत ओढून पाहिली. तुम्हीही असंच बघा. काडीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. माझं वरच्या खुणेच्या कितीतरी वर आलं होतं आणि त्यात बुडबुडे होते. गाडी बंद केल्या केल्या बघितलं की तेल अजून इंजिनात वरच असतं, गाडी उतारावर असली तर आणखी गोंधळ, आणि काडी ‘कमी’ म्हणून खोटं सांगते. म्हणून सपाट जागेवर, दहाएक मिनिटं थांबून बघायचं. तेल जास्त झालं की आत फिरणारा दांडा त्यात आपटतो, ताक घुसळल्यासारखा फेस होतो, आणि फेसानं वंगण नीट होत नाही. सील फुटून गळती लागते, तेल जळून धूर निघतो. तशीच दामटली तर इंजिनच बसतं.

आईला हे सगळं सांगितलं. ती काडीकडे बघत राहिली.

“म्हंजे कमी नव्हतंच?”

“नव्हतं.”

“अन् दोघायनंबी टाकलं?”

“दोघांनीही.”

“माय वं!” आईनं पदर तोंडाला लावला. “पोळी वाढल्यावानी वाढलं गाडीले! अन् थे बिचारी पुरे बी म्हणू शकत नाई!”

आणि ती हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले आणि हसता हसता रडले. काय करणार, रडू आलं. रस्त्यानं जाणारे मोटरसायकलवाले वळून वळून बघत होते.

मिस्त्री आला. त्यानं खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं तेल डब्यात काढलं, काडी दोनदा पाहिली आणि गाडी सुरू करून धूर थांबेपर्यंत कान लावून उभा राहिला. लगेच बंद केली म्हणून वाचली, असं म्हणाला. त्याची मजुरी अगदी वाजवी होती. शेलूबाजारात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गरम भजी आणि दहा रुपयांचा चहा घेतला. आईनं हिरव्या बांगड्यांच्या दुकानापुढं थांबून माझ्यासाठी डझनभर घेतल्या, माझी आवड न विचारता.

घरी येऊन आता आठवडा झाला. जाण्यासारखं काय आहे तिकडे, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. घाट आहे, तूर आहे, सोल्याची भाजी आहे. मला आठवतो तो धुरा आणि आईचा चालू असलेला आवाज. रात्री अंथरुणावर पडलं की अजून कानात येतो, आणि मी तो ऐकत झोपते.

काल मामाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून आई म्हणत होती, “हाव, येतो न रविवारी. पोरीले विचारलं नाई अजून, पण येतो. फक्त एक आयक, दादा. मले काय वाढाचं थे वाढ. गाडीचं बोनट उघडलं तं मी दारातूनच वापस.”