मुकुटातली ‘सरस’ चिठ्ठी

संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागात तिला सगळे ‘चिकटताई’ म्हणत. जुन्या सिनेमांतले मुकुट, चिलखतं, नकली दागिने तिच्या टेबलावर यायचे आणि ते कशानं चिकटवलेत हे ती शोधून काढायची. गोंद कळला की कारखाना कळतो आणि अस्सल कुठलं, नक्कल कुठली, ते तिथंच उघडं पडतं. अर्धं काम नाकानं व्हायचं, उरलेलं कापसाच्या बोळ्यानं.

त्या सकाळी मात्र तिचा पाय एका जागी ठरेना. समोर एका जुन्या सिनेमातल्या राणीचा मुकुट होता. ‘हा माझ्या हातचा,’ असं तिचे वडील मरेपर्यंत सांगत आले होते. असे मुकुट बनवणाऱ्या कारखान्यातले साधे कामगार ते. पडद्यावर नाव कधी झळकलं नाही. काका त्यांना तोंडावर थापाड्या म्हणायचे आणि आई दर वेळी काकांशी कचाकचा भांडायची.

तेवढ्यात विभागाचे साहेब उड्या मारतच आले. मुकुटाच्या अस्तरात त्यांना जुनी चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर एकच शब्द : सरस.

“बघा! दोन मुकुट केले असणार, त्यातला हा सरस. म्हणजे पडद्यावरचा हाच!”

“साहेब, सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचा गोंद. तो पाण्यानं सुटतो; ओल्या फडक्यानं कुणी पुसू नये म्हणून लिहून ठेवायचे.”

साहेबांचा चेहरा पडला. तिचा त्याआधीच पडला होता. सरस उकळायला लागला की वडिलांना मळमळायचं. म्हणून त्या कारखान्यात चिकटवायला पिठाची खळ शिजवणारे ते एकटेच, कीड लागू नये यासाठी चिमूटभर निळसर मोरचूद घालून. पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तिला वाटलं, देवा, साहेबांचंच खरं निघू दे.

तिनं दोनदा चहा केला, प्यायली एकदाही नाही. दिवा पुसला, चष्मा पुसला, पुसलेला दिवा पुन्हा पुसला. शेवटी स्वतःवरच चिडून कोमट पाण्याचा बोळा पहिल्या खड्याच्या कडेला टेकवला. पिवळट चिकटा सुटला आणि कातड्याचा तो ओळखीचा वास. सरस. दुसरा खडा, सरस. बारावा, सरस. तिला संताप आला; कुणाचा, ते मात्र कळेना.

कपाळावरच्या मधल्या खड्यापाशी वास आला नाही. कडेला निळसर पूड होती. तिनं आयोडीनचा थेंब ठेवला, तो काळानिळा झाला. खळच, मोरचूद घातलेली. निखळलेला एवढा एक खडा वडिलांनी परत बसवला होता.

“नाहीतरी करणारा अज्ञातच आहे,” साहेब हळूच म्हणाले. “मुकुट वडिलांच्या नावावर घाला की. कोण बघतंय?”

तिनं बाहेर जाऊन आईला फोन लावला.

“आई, मुकुट बाबांचा नाही गं.”

“चाळीस वर्षं भांडले मी त्यांच्यासाठी.”

“एक खडा त्यांचा आहे. निखळला होता, तो त्यांनी बसवलाय.”

“एकच?”

“एकच.”

“मेले थापाडे!” आई म्हणाली आणि रडायलाच लागली. मग नाक पुसून म्हणाली, “तेवढंच लिही. पण नाव पूर्ण लिही.”