मेलची पाणीपाळी

आमच्या ऑफिसचं नाव मी सांगणार नाही. माझी सोळा वर्षं नोकरी बाकी आहे आणि मला ती करायची आहे. गोंदियात आहे, सरकारी आहे, एवढं पुरे. मी चंदा, आस्थापना टेबल सांभाळते. गोष्ट पुनारामजींची आहे.

पुनारामजी आधी बोदलकशाच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी सोडायचं ते बघणारे. तेही रोजंदारीवर. मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला, चालवणारा काही मंजूर झाला नाही, आणि तेव्हाच्या साहेबांनी पुनारामजींना त्याच्यापुढे बसवलं. का, तर माणूस शांत आहे! एकोणीस वर्षं झाली, हजेरी अजून रोजंदारीच्या मस्टरवरच.

मेलचा सर्व्हर म्हणजे वरच्या ऑफिसातलं एक म्हातारं यंत्र. त्याच्यावर भार फार, म्हणून हुकूम निघाला की एका ऑफिसनं एका वेळी पाचच कनेक्शन वापरायची. सहावं आलं की सर्व्हर दार लावून घेतो. आम्ही अकरा जण, आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये मेल उघडा. आताच्या चंद्रकुमार साहेबांची तर एकट्याची तीन कनेक्शनं: टेबलावरचा कॉम्प्युटर, मोबाईल आणि घरचा लॅपटॉप. नवा सर्व्हर द्या असा आम्ही लेखी अर्ज केला. उत्तर आलं, अर्ज मेलनेच पाठवा. घ्या!

शेवटी पुनारामजींनी एक कागद घेतला, रेघा मारल्या आणि भिंतीवर चक्क पाणीपाळी लावली. प्रत्येकाला दहा मिनिटं. कालव्यावर पाणी शेवटच्या शेतापासून द्यायला घेतात, नाहीतर तोंडाजवळचेच सगळं पिऊन टाकतात. तसंच इथं. संडासाला लागून बसणारी मी पहिली, साहेब शेवटी. आपलं काम झालं की मेल बंद करायचा आणि पुढच्याला हाक मारायची. आम्ही आधी खूप हसलो, पण दोनच दिवसांत मेल भराभर जायला लागले. साहेबांनी ही कल्पना वरच्या बैठकीत आपलीच म्हणून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. स्वतःची तीन मात्र उघडीच ठेवली.

मार्चमध्ये पत्र आलं. जुन्या रोजंदारीवाल्यांना कायम करायचंय, प्रस्ताव शुक्रवारी पाचच्या आत मेलवर पाठवा, उशिरा आलेल्यांचा विचार होणार नाही. आमच्याकडून एकच नाव जाणार होतं, पुनारामजींचं. साहेबांनी सही करायला शुक्रवारचे साडेतीन वाजवले. मी कागद स्कॅन करून धावत पुनारामजींकडे गेले.

"आधी तुमचाच टाका जी."

"पुढं चार जन हायेत. त्याईचा नंबर हाये."

"अहो, एकोणीस वर्षांचा सवाल आहे!"

"पाटकऱ्यानं आपल्याच बांधीत आधी पानी घेतलं, त मंग त्याचं आयकंल कोन, चंदाबाई?"

असा संताप आला मला! या माणसाला धरून हलवावं वाटलं. मार्चच्या फायली जड, एकेक मेल सरकता सरकेना. चार पन्नासला त्यांचा नंबर लागला. मेल टाकला, तर कनेक्शन संपलेली. परत टाकला. परत तेच. आम्ही सगळ्यांनी मोबाईल बंद करून टेबलावर मांडले, तरी तेच. मग पुनारामजी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, मी मागोमाग. साहेबांनी त्या दिवशी नवा मोबाईल आणि टॅबलेट आणला होता, आणि दोन्हींत मेल चालू करून बघणं चाललं होतं. म्हणजे पाचही कनेक्शनं एकट्या साहेबांची.

"साहेब, मेल बंद करा जी. माहा नंबर हाये."

"रुक ना यार, फोटो आ रहे हैं."

कालव्यावर एखादा दांडगा शेतकरी ऐकत नसला, तर पाटकरी स्वतः जाऊन त्याच्या पाटाचं दार खाली पाडतो, पाणी बंद. पुनारामजींनी हात पुढे केला, साहेबांचे दोन्ही मोबाईल आणि टॅबलेट उचलले, एकेक करून बंद केले आणि नीट ओळीनं परत ठेवले. साहेबांचा आ वासलेलाच. चार अठ्ठावन्नला मेल गेला.

साहेबांनी मला तिथल्या तिथं मेमो टाईप करायला बसवलं. मी म्हटलं, "साहेब, रोजंदारीवाल्याला पदच नसते, पदनामाच्या रकान्यात काय लिहू?" कामावरून काढावं, तर कॉम्प्युटर कोण चालवणार? साहेबांनी दात खात मेमो अर्धवटच ठेवायला लावला.

जूनमध्ये पुनारामजींचा कायम झाल्याचा आदेश आला. पुनारामजींपेक्षा साहेबच जास्त खूश! दुसऱ्या दिवशी सकाळी मेमो तयार: श्री. पुनाराम, पद सहायक, आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले, तीन दिवसांत खुलासा सादर करावा.

पुनारामजींनी तो दोनदा वाचला. 'पद सहायक'वर बोट ठेवून मला विचारलं, "चंदाबाई, हा मीच आहो ना?" मी नुसती मान हलवली.

खुलासा त्यांनी आपल्या हातानं लिहिला. एकच ओळ होती: मेमो मिळाला, फार आभारी आहे.