फडक्यांची राख

माझ्या खोलीच्या बरोबर खाली झारेकरीभाऊंचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, कोपऱ्यात भट्टी, एक भलीमोठी परात आणि जमिनीत बांधलेले एकापुढे एक तीन हौद. झारेकरी म्हणजे काय हे आताशा सांगावं लागतं, म्हणून सांगते. सोनारांच्या दुकानातला केर आणायचा आणि त्यातून सोनं काढायचं. केर म्हणजे खरंच केर: धूळ, केस, मेण, कानशीचा भुगा, पायपुसण्याची लोकर. सोनार घासतो, कापतो, तेव्हा सोन्याचे बारीक कण उडतात. ते कुणाला दिसत नाहीत, पण असतात.

मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मिश्रणातले घटक वेगळे करण्याचा धडा मी झोपेतसुद्धा घेईन. वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस घ्या. लोहचुंबक फिरवा, कीस निघाला. उरलेलं पाण्यात टाका, मीठ विरघळलं. गाळा, वाळू वर राहिली. पाणी आटवा, मीठ परत आलं. झालं! एकदा मी मोठ्या हौसेनं भाऊंना वर्गात नेलं, म्हटलं मुलांना खरा कारागीर दिसू दे. त्यांनी माझं मिश्रणाचं ताट बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे सोपंय. यात काय काय मिसळलंय ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे." अख्खा वर्ग खिदळला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

राग माझ्या नाकावर असतो, हे मला मान्य आहे. शाळेत मुलांनी मला 'शून्यबाई' नाव ठेवलं होतं. कारण प्रयोगवहीत जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, हा माझा दंडक. न दिसलेलं निरीक्षण लिहिलं की शून्य. "बाई, पण पुस्तकात तसंच दिलंय." पुस्तक गेलं खड्ड्यात, तुला दिसलं का? नाही ना? मग शून्य.

तर खाली भाऊ आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. केर भाजायचा, कुटायचा, चाळायचा, चुंबकानं लोखंड काढायचं, मग परातीत पाणी घेऊन घोळायचं. हलकं पाण्याबरोबर जातं, जड तळाला बसतं, आणि सोन्याइतकं जड त्या केरात दुसरं काय असणार? गेलेलं पाणी हौदात. पहिल्या हौदात गाळ बसायचा, वरचं पाणी दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. घोळण्याचं काम वहिनींचं. त्यांच्या मनगटात जी लय होती ती भाऊंच्याही नव्हती, आणि हे भाऊ स्वतः सांगायचे, फक्त त्या समोर नसताना.

शेवटी पाऱ्याचं काम. पारा सोन्याला असा धरतो की बघत राहावं. वाळूकडे ढुंकूनही बघत नाही, पण सोन्याचा कण दिसला की गिळलाच. त्यामुळे पाऱ्याला हात लावायच्या आधी वहिनींना बोटातली लग्नाची अंगठी काढावी लागे, नाहीतर पारा तीही खायला कमी करत नाही. "फळीवरच्या वाटीत ठेव," भाऊ दर वेळी सांगायचे. एकदा ती वाटी पडली आणि दोन तास अंगठी सापडेना. भाऊंनी एवढं डोकं खाल्लं, एवढं खाल्लं, की वहिनींनी वाटीचा नादच सोडला. त्या अंगठी गुपचूप ऍप्रनच्या कोपऱ्यात बांधायच्या. मला त्यांनी ती गाठ दाखवली होती. "यांना सांगू नका हं बाई. फडक्यात सोनं बांधलेलं कळलं तर घर डोक्यावर घेतील." मी कशाला सांगते? बायकांची गुपितं नवऱ्यांना पोचवणं हा काही माझा धंदा नव्हे.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पारा बाटलीत भरता भरता वहिनींना घेरी आली. त्यांनी ऍप्रन सोडून खिळ्याला लावला, "जरा पडते" म्हणाल्या, आणि पडल्या त्या पुन्हा खालच्या खोलीत आल्याच नाहीत. दवाखान्यात चार दिवस काढले. पाचव्या दिवशी भाऊ एकटेच परत आले.

भाऊंची बहीण आली, तिनं आठवड्याभरात वहिनींचे कपडे वाटून टाकले, भांडी आवरली आणि गेली. मग भाऊंना अंगठी आठवली. बोटात नव्हती, वाटीत नव्हती, दवाखान्यात विचारलं, तिथंही नव्हती. "हात ओले होते तिचे," ते म्हणाले. "घोळताना निसटली असणार. हौदातच आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचं असं दुसरं काहीच राहिलं नाही हो, बाई."

मी काय बोलणार? शिक्षकाचं तोंड ते. म्हटलं, "भाऊ, पदार्थ नाहीसा होत नसतो. रूप बदलेल, जागा बदलेल, पण असतो कुठंतरी. शोधा." त्यांनी ते वाक्य असं धरलं, जसं काही मी त्यांना पत्ताच लिहून दिला होता.

त्याच महिन्यात त्यांनी वर्षाची फडकी जाळली. ही या धंद्यातली रीतच आहे. हात पुसायची फडकी, बसायची गोणपाटं, अंगातले जुने कपडे, यातलं काही फेकायचं नाही. वर्षभर त्यात सोनं मुरलेलं असतं. सगळं जाळायचं, आणि फडक्यांच्या राखेत खडेमाती नसते म्हणून ती चाळतही नाहीत. राख, वर सवागी म्हणजे टाकणखार, आणि सरळ मातीच्या मुशीत वितळायला. संध्याकाळी भाऊ जिना चढून वर आले. तळहातावर सोन्याचा गोळा होता. "बाई, फडक्यांतून असला गोळा जन्मात निघाला नाही. ती असती तर नाचली असती." आम्ही दोघंही त्या गोळ्याकडे बघून हसलो. चांगले हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सराफाला देऊन टाकला.

मग सुरू झाला हौदांचा उपसा. दिवसा केराचं काम, आणि संध्याकाळी एक बादली गाळ. त्यापेक्षा जास्त त्यांच्या पाठीला झेपत नव्हता. काढायचा, पत्र्यावर वाळवायचा, ढेकळं फोडायची, बोटांनी चाळायचा. वर माझ्या खोलीत आवाज यायचा: बादली, खरवडणं, मग बराच वेळ काही नाही. त्या आवाजावर मी दिवे लावायचे. मलाही दुसरं कोण होतं? आईची सेवा करण्यात लग्नाचं वय गेलं, मग आईही गेली, मग शाळा संपली. सणसणीत बोलायची सवय मात्र शिल्लक होती, आणि ऐकायला कुणी नव्हतं. सकाळी भाऊ चहा करायचे तो दोन कप. एक स्वतः प्यायचे आणि दुसरा परातीच्या कडेला निवत ठेवायचे. एकदा मी म्हटलं, "मला तरी द्यायचा." म्हणाले, "तुम्ही साखर घेत नाही." विषय संपला.

पहिला हौद निघाला. पावणेदोन वर्षांत दुसराही निघाला. तिसऱ्याचा तळ दिसायला लागला तसे भाऊ रेंगाळायला लागले. बादली अर्धीच भरायचे. मला कळत होतं, तिथं नाही मिळाली तर ते कुठंच बघू शकणार नव्हते.

आणि त्या दिवशी संध्याकाळी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघताना, मी खोलीची किल्ली रुमालाच्या कोपऱ्यात बांधली. गाठ मारली आणि हात तसाच राहिला. अगं बाई! गाठ! ऍप्रनची गाठ! इतके दिवस ती माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मी चष्मा तिथंच टाकून जिना उतरले. या वयात दोन दोन पायऱ्या. "भाऊ! काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन वर्षं चिखल उपसताय, अंगठी हौदात नाहीच मुळी. वहिनी ती ऍप्रनच्या कोपऱ्यात बांधायच्या. मला दाखवलं होतं त्यांनी. कुठंय तो ऍप्रन? आणा इकडे!"

भाऊ कमरेएवढ्या खोल तिसऱ्या हौदात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. खिळा मोकळा होता.

"फडक्यांत घातला," ते म्हणाले.

मला तरीही चटकन उमगलं नाही, इतकी मी आनंदात होते. "म्हणजे?"

"जाळला. त्या वेळी. बघवेना म्हणून तोंड फिरवून टाकला भट्टीत." त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. "म्हणून गोळा मोठा होता."

ज्या माणसानं आयुष्यभर झाडूच्या काड्यासुद्धा उलटसुलट करून बघितल्या, त्यानं एकदाच न बघता काहीतरी आगीत टाकलं, आणि ते नेमकं हेच निघावं! तो गोळा कधीच सराफाच्या दुसऱ्या सोन्यात वितळला होता. त्याच्या कुणाकुणाच्या बांगड्या, साखळ्या झाल्या असतील. लोखंडातून सोनं काढता येतं, मातीतून काढता येतं. सोन्यातून सोनं कसं काढणार? दोन गोष्टींत काहीतरी वेगळं असेल तरच त्या वेगळ्या निघतात, हा माझाच धडा. तरी माझ्या जिभेला हाड आहे का? मी म्हटलं, "भाऊ, सराफाकडून तेवढंच सोनं घ्या की. मूलद्रव्य तेच. कणाकणात फरक नसतो."

"तुम्ही वर जा, बाई."

त्यांनी हे इतक्या सौम्यपणे म्हटलं की ओरडले असते तर बरं झालं असतं. मी डॉक्टरकडे गेले नाही. वर येऊन नुसती बसून राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन वर्षं मला गाठ ठाऊक होती, त्यांना आग ठाऊक होती, आणि रोज भेटूनही ते आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. मी आधी बोलले असते तर? त्या फडक्यांच्या दिवसाआधी एकदा, नुसतं सहज?

नऊ दिवस खालून बादलीचा आवाज आला नाही. मला कळेना संध्याकाळ कधी झाली म्हणायची. मी भाजी जास्त करून खाली नेली, तर दार आतून लावलेलं. मी रागावून उंबऱ्यावर भांडं आदळलं आणि मग जिन्यातच बसून रडले. स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

दहाव्या दिवशी दुपारी खालून कुटण्याचा आवाज आला. लोखंडी खलाचा, ठणठण, सावकाश. मग पाणी घोळल्याचा. वहिनींच्या मनगटाची लय त्यात नव्हती, पण कुणीतरी ती आठवून आठवून घोळत होतं. ऊन उतरता उतरता हाक आली, "बाई, जरा खाली येता?"

भाऊ दारातल्या उजेडात बसले होते. समोर काळी पाटी होती. "जुन्या मुशी मी ठेवून देतो," ते म्हणाले. "भिंतींना सोनं चिकटतं थोडं. वर्षा-दोन वर्षांनी फोडून कुटतो. त्या फडक्यांच्या ओतीची मूस तडकलेली होती म्हणून पुन्हा वापरली नव्हती. तीच फोडली."

"म्हणजे यात अंगठीचं किती आणि फडक्यांतलं..." मी सुरुवात केली आणि या खेपेला स्वतःच थांबले.

"तिचा ऍप्रन होता, माझी पण फडकी होती," भाऊ म्हणाले. "एकत्र वितळलं. आता नाही काढायचं वेगळं." त्यांनी बोटानं पाटीच्या मधोमध दाखवलं. "बारीक आहे. दिसतंय ना?"

चष्मा वर राहिला होता. मी पाटीवर वाकले, डोळे बारीक केले, उजव्या डोळ्यानं बघितलं, डाव्यानं बघितलं. मला काळ्या पाटीशिवाय काहीसुद्धा दिसलं नाही.

"दिसतंय की," मी म्हटलं. "पिवळंधमक आहे."