नोबुए-सानचा एकतिसावा निळा

बुडालेलं तोक्यो, कालव्याच्या पाण्यात थरथरणाऱ्या दिव्यांच्या पाट्या, आणि तो निळा! आमच्या त्या ॲनिमेशन सिनेमापासून जो उठतो तो शहराची रात्र तशीच रंगवतो, परदेशातसुद्धा. अहो, तो निळा माझ्या शेजारच्या टेबलावर घोटला गेलाय! हिरामात्सु नोबुए-साननी घोटलाय. तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि सुगिनामीतल्या आमच्या स्टुडिओत सव्वीस वर्षं चित्रांत रंग भरत होत्या.

त्यांचं एक गुपित फक्त मला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. कळलं तर ब्रश काढून घेतील, म्हणून त्या गप्प आणि त्यांच्यापायी मीही गप्प.

कालव्याच्या दृश्यासाठी दिग्दर्शकाला कुणी कधी न पाहिलेली रात्र हवी होती. तीस निळे झाले. कॅमेऱ्याखालून आले की सगळे मेले मळकट! गुरुवारपर्यंत जमलं नाही तर दृश्यच कापणार होते. बुधवारी सकाळी नोबुए-साननी एकतिसावी बाटली पुढे केली. आमचे रंगप्रमुख कुरोइवा-सान बघतच राहिले.

"हा काय प्रकार? जत्रेत बर्फावर ओततात तसला पाक!"

"मला बरोबर दिसतोय."

"तुम्हाला? परवा जांभळा मागितला तर तपकिरी दिलात! आधी डोळे तपासून घ्या."

नोबुए-सानचे कान लालबुंद झाले. माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "कॅमेऱ्याखाली घालून तर बघा! तुमच्या तीस बाटल्या चालल्या, यांची एक जड झाली होय?"

गुरुवारी दुपारी फिल्म धुऊन आली. पडद्यावर कालवा उमटला आणि काय सांगू, अंगावर सरसरून काटा आला! दिग्दर्शक खुर्चीतून उठून ओरडला, "हाच! हाच!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पाण्यावर होडी, माणसं आणि धूर रंगवलेली तीन पारदर्शक शीटं ठेवायची होती आणि प्रत्येक शीटला किंचित पिवळट झाक असते. आम्ही रंग उघडा बघत होतो, कॅमेरा बघत होता तीन शीटांतून. आणि नोबुए-सान त्यांच्या त्या मोतीबिंदूनं पिवळ्या पडलेल्या डोळ्यांतून!

कुरोइवा-सान त्यांच्यापुढे कमरेतून वाकले. नोबुए-सान मात्र पुटपुटल्या, "तुमचं खरं आहे. मला नीट दिसत नाही."

कुरोइवा-सान डोकं खाजवत म्हणाले, "सिनेमा संपला की ऑपरेशन. तोवर रात्रीचे सगळे रंग तुमचे."

पुढच्या उन्हाळ्यात शिंजुकूच्या थिएटरात आम्ही शेजारी बसलो. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. कालवा आला तशी त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"अगंबाई! हा निळा कुणी केला?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच की!"

"छे गं," त्या रडत होत्या, "माझा काही इतका सुंदर नव्हता."